कोकण रेल्वे हवेत का तरंगली नाही?

संशोधनासाठी विषय शोधताना ‘भारतात मॅग्लेव्ह का आली नाही?’ असा प्रश्न सुचला, तर जरा थांबा. या प्रश्नात ‘आपण मागे पडलो’ हे उत्तर आधीच गृहीत धरलंय. ते तपासायला रत्नागिरीचा रेल्वेमार्ग घेऊ.

चुंबकावर तरंगणाऱ्या गाडीचं पेटंट जर्मनीत हर्मान केंपर यांना १९३४ मध्ये मिळालं. १९७९ मध्ये हॅम्बुर्गच्या प्रदर्शनात ट्रान्सरॅपिड या मॅग्लेव्हने प्रवासी नेले. कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं १९९० मध्ये. म्हणजे तोवर हे तंत्र जगाला माहीत होतं.

आता चढ बघा. लोखंडी चाक घर्षणावर चालतं, चढ तीव्र झाला की घसरतं. म्हणून कोकण रेल्वेचा चढ १५० मीटरला १ मीटर इतकाच ठेवला. ट्रान्सरॅपिड १० मीटरला १ मीटर चढू शकते, कारण ती चाकांच्या पकडीवर अवलंबून नसते. सह्याद्रीच्या फाट्यांमधून सौम्य चढाची लाइन न्यायची, तर रत्नागिरीच्या उत्तरेला साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा खणावा लागला, दक्षिणेला पानवलचा ६४ मीटर उंच पूल बांधावा लागला.

मग चाकंच का? ही लाइन रोह्याला आणि ठोकूरला आधीच्या ब्रॉडगेजशी जोडायची होती. त्यामुळे मुंबईहून निघालेली गाडी थेट केरळात जाते, १९९९ पासून भरलेले ट्रकही वाघिणींवर चढवून नेतात. मॅग्लेव्हला स्वतःचा वेगळा मार्ग लागतो. तिचे प्रवासी रोह्यालाच उतरले असते.

धाडस कमी पडलं म्हणावं, तर याच महामंडळाने मडगावात स्कायबस उभारली. ती मॅग्लेव्ह नव्हती, वरच्या रुळांना टांगलेली गाडी होती. २००४ च्या चाचणीत अपघात होऊन एका कर्मचाऱ्याचा जीव गेला आणि पुढे तो मार्ग पाडला गेला. जर्मनीनेही म्यूनिचचा मॅग्लेव्ह प्रकल्प खर्च वाढल्यामुळे २००८ मध्ये सोडून दिला. शिवाय तिथे जुनं रेल्वेजाळं होतंच.

म्हणून प्रश्न बदला: नवं तंत्र जुन्या जाळ्याला कुठे जोडलं जातं, आणि त्या जोडणीची किंमत कोण मोजतं? रत्नागिरी स्टेशनजवळ श्रमशक्ती स्मारक आहे, लाइन बांधताना जीव गेलेल्यांचं. वेगाच्या विक्रमांची यादी इंटरनेटवर मिळेल. १५० ला १ या आकड्यामागची माणसं मात्र तुम्हालाच शोधावी लागतील.