कुंडलिका : राफ्टिंगच्या दोन दिवसांत पोहायचं कुठे, काठावर दिसतं काय

कोलाड (ता. रोहा) : शनिवार-रविवार जोडून कोलाडला मुक्कामी येणाऱ्यांची राफ्टिंगची फेरी एका सकाळीच संपते. उरलेल्या दीड दिवसात मंडळी जागा दिसेल तिथे नदीत उतरतात आणि खरा धोका तिथेच असतो. त्यामुळे पाण्यात पाय घालण्याआधी कुंडलिकेची चाल माहीत असलेली बरी.

एप्रिल-मेमध्येही इथे राफ्ट चालतात त्या विजेमुळे. मुळशी धरणात अडवलेलं मुळा नदीचं पाणी एरवी पूर्वेला पुण्याकडे गेलं असतं. ते बोगद्यातून आणि मोठ्या नळांतून घाटाखाली भिऱ्याच्या टाटा वीजकेंद्रात उतरवलं जातं आणि वीज झाली की कुंडलिकेत येतं. केंद्र १९२७ पासून चालू आहे. (सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह झाला तो याच धरणाविरुद्ध.) पाणी कधी आणि किती सोडायचं हे विजेच्या गरजेवर ठरतं. सहसा सकाळी पाणी सुटतं आणि साजे गावाजवळून राफ्ट निघतात, साधारण १२ किलोमीटर. पण रोज तीच वेळ आणि तेवढंच पाणी असेल असं धरून चालू नका.

ही गोष्ट पोहणाऱ्यांनी नीट लक्षात घ्यावी. ज्या खडकावर तुम्ही गुडघाभर पाण्यात बसलात, तिथेच थोड्या वेळाने पाणी छातीला लागू शकतं, आणि वर आभाळात ढगही नसतो. पात्राच्या मधल्या खडकावर पोरांना बसवून फोटो काढणं म्हणूनच वाईट. नदीकाठच्या माणसांना पाण्याच्या वेळा माहीत असतात. उतरण्याआधी त्यांना विचारायला लाज कसली?

मग पोहायचं कुठे? सगळ्यात चांगली जागा म्हणजे राफ्टिंगचा शेवटचा संथ टप्पा. तिथे गाइड स्वतःच पाण्यात उतरू देतात, अंगात लाइफ जॅकेट असतं आणि राफ्ट शेजारी असते. पोहता येतं म्हणून जॅकेट सैल करू नका. प्रवाहात पडलात तर पाठीवर राहा, पाय पुढे आणि पाण्याच्या वर ठेवा. वाहत्या पाण्यात उभं राहायला गेलं की पाय खडकात अडकतो आणि पाणी माणसाला आडवं करतं. बंधाऱ्याच्या खाली मात्र कुठेच उतरू नये, डोलवहाळ असो की दुसरा कुठला. वरून पाणी शांत वाटतं, पण खाली ते गोल फिरत राहतं आणि चांगल्या पोहणाऱ्यालाही सोडत नाही. रोह्याच्या खालच्या अंगाला पोहण्याचा नादच नको. तिथे धाटावची रासायनिक एमआयडीसी आहे आणि पुढे रेवदंड्यापर्यंत भरती-ओहोटीची खाडी. भिऱ्याजवळचं देवकुंड पावसाळ्यात टाळाच. तिथे माणसं बुडाल्यामुळे प्रशासनाने बंदी घातलेली आहे.

प्राणी-पक्षी बघायचे तर राफ्टचा आरडाओरडा सुरू होण्याआधी काठावर जा. खंड्या, बगळे, खडकावर पंख वाळवत बसलेले पाणकावळे, टिटव्या, थंडीत धोबी, एवढे सहज दिसतात. पाण्यात पोहणारा साप बहुतेक वेळा दिवड असतो. तो बिनविषारी, पण धरलात तर चावणारच. फुरशाची भीती पाण्यापेक्षा काठच्या दगडांत जास्त, म्हणून संध्याकाळी अनवाणी फिरू नका आणि दगडाखाली हात घालू नका. दंश झालाच तर मांत्रिकाकडे किंवा चिरफाडीत वेळ न घालवता थेट सरकारी रुग्णालय गाठा.

दुसऱ्या दिवशी वेळ असेल तर फणसाड अभयारण्य करता येतं. १९८६ साली जाहीर झालेलं हे जंगल मुरूड-रोहा भागात आहे. आपलं शेकरू इथे बघायला मिळतं, फक्त मान वर करून चालायची तयारी हवी.

काहीजण मात्र हायवेने तसेच महाडला, रायगडावर जातात आणि वाटेत सावित्रीत डुंबायचं ठरवतात. ते अजिबात करू नका. महाडच्या सावित्रीत मगरी आहेत, अगदी वस्तीजवळ. थंडीत सकाळी त्या चिखलाच्या काठावर ऊन खात पडलेल्या असतात. पुलावरून त्या निवांत बघता येतात. खाली उतरून जवळ जाऊ नका, दगड मारू नका. खायलाही काही टाकू नका, कारण खाणं मिळू लागलं की मगर काठावर येणाऱ्या माणसाकडे वळते, आणि तिथे रोज येणारी माणसं त्या गावातलीच असतात.