क्यू-स्वर व क्लेफ यांविषयी टीप
१. अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा प्रभृती गोमंतकीय संयोजकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीतासाठी ज्या स्टाफ नोटेशनचा आश्रय केला, त्यात दीर्घ विरामानंतर वादकाचा प्रवेश अचूक व्हावा म्हणून, अन्य वाद्याचे स्वर त्याच्या पार्टमध्ये बारीक आकारात, केवळ खुणेदाखल, ‘क्यू-स्वर’ म्हणून देण्याचा प्रघात आहे. चेलोच्या बास क्लेफमध्ये व्हायोलिनचा असा तुकडा ट्रेबल क्लेफ लावून घेतल्यास, तो संपताच, वादकाच्या प्रवेशापूर्वीच, बास क्लेफ पुन्हा बहाल करणे अनिवार्य ठरते. कारण मधल्या रेषेवरील जो स्वर ट्रेबलमध्ये ‘बी’, तोच बासमध्ये ‘डी’ होतो. लिलीपाँड या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ही तजवीज एकाच आज्ञेने होते; तथापि मुद्रणापूर्वी प्रत्येक पार्ट स्वतंत्रपणे तपासणे हे संपादकाचे आद्य कर्तव्य होय. — संपादक, दहिसर