लाल औषध, मोरचूद आणि टीसीएल

आमच्या पिढीचं पोहणं विहिरीत झालं. पाठीला सुका भोपळा नाहीतर डालड्याचा रिकामा डबा बांधायचा आणि मोठ्या पोरांनी वरून ढकलून द्यायचं, एवढाच अभ्यासक्रम. शेवाळ आलं तर हाताने बाजूला सारायचं. पटकीची साथ आली की मात्र विहिरीत लाल औषध पडायचं आणि पाणी गुलाबी व्हायचं.

हे लाल औषध म्हणजे पोटॅशियम परमँगनेट. 1890 च्या दशकात आग्र्याला अर्नेस्ट हँकिन नावाचा सरकारी शास्त्रज्ञ होता. पटकीच्या दिवसांत विहिरींत हे टाकावं असा त्याने आग्रह धरला. आज ते मागे पडलं. ग्रामपंचायतीत आता टीसीएलची पांढरी पावडर असते, म्हणजे चुन्यात धरून ठेवलेलं क्लोरीन.

मधल्या काळात एक निळं औषधही येऊन गेलं. ते आपल्या वऱ्हाडात घरोघरी आहे, पण पाण्यासाठी नाही, संत्र्यासाठी! वरुड-मोर्शीकडे पावसाळ्याआधी झाडांच्या बुंध्यांना बोर्डो पेस्ट लावतात, त्यातलं मोरचूद. फ्रान्समध्ये बोर्दोजवळच्या द्राक्षमळ्यांत रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना फवारत, का तर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडून खाऊ नयेत म्हणून. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या 1882 साली लक्षात आलं की नेमक्या त्याच वेलींवर केवडा रोग नाही. 1885 मध्ये त्याने कृती प्रसिद्ध केली. चोरांसाठी केलेला उपाय बुरशीला लागू पडला.

पुढे 1904 साली अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या मूर आणि केलरमन या दोघांनी दाखवलं की तलावाच्या पाण्यात अगदी थोडं मोरचूद टाकलं तरी शेवाळ मरतं. विषमज्वर आणि पटकीचे जंतूही त्याने मरतील अशी त्यांना आशा होती. शेवाळाचं खरं ठरलं. जंतूंचं मात्र व्यवहारात जमलं नाही, आणि 1908 मध्ये जर्सी सिटीने शहराच्या पाण्यात क्लोरीन मिसळायला सुरुवात केल्यावर तो विषय मागे पडला.

आता हे पुराण कशासाठी, ते सांगतो. माझ्या भाच्याची वरुडकडे बाग आहे. बागेत सिमेंटचा मोठा हौद आहे आणि मे महिन्यात अमरावती-अकोल्याची आमची सगळी नातवंडं त्यात असतात. यंदा त्याला कुणीतरी तांब्याच्या पट्ट्यांचं यंत्र दाखवलं. वीज लावली की तांबं पाण्यात उतरतं, क्लोरीनची गरज नाही, शिवाय "नासाचं तंत्रज्ञान"! भाचा म्हणाला, "मामा, क्लोरीन तं केमिकल हाय. तांबं आपल्या घरचंच हाय ना!"

आपल्याकडे तांब्याला फार मान आहे, आणि तो खोटा नाही. बंगळुरूच्या संशोधकांनी 2012 साली दाखवून दिलं की जुलाबाचे जंतू मुद्दाम मिसळलेलं पाणी तांब्याच्या भांड्यात 16 तास ठेवलं तर जंतू उरत नाहीत. पण ते 16 तास महत्त्वाचे! हंडा रात्रभर झाकून ठेवता येतो. हौदात एका पोराच्या अंगावरची घाण दुसऱ्याच्या तोंडात जायला घटकाभरही लागत नाही. पुरेसं क्लोरीन असेल तर जुलाबाचे बहुतेक जंतू मिनिटभरात मरतात, काविळीचा विषाणू पाव तासात. नासाचं म्हणाल तर, त्यांनी 1960 च्या दशकात चांदीचे आयन सोडणारं यंत्र तयार केलं होतं हे खरं. पण चंद्रावर गेलेल्या अपोलोच्या मुख्य यानात अंतराळवीर पिण्याच्या पाण्यात रोज क्लोरीनच टोचत होते.

तांब्याने हौद काचेसारखा स्वच्छ दिसेल, यात मला अडचण वाटते. हिरवं पाणी पाहून माणूस सावध तरी होतो. 2025 साली केरळात मेंदूत शिरणाऱ्या अमिबाचे रुग्ण वाढले, तेव्हा तिथल्या आरोग्य खात्याने विहिरींत क्लोरीन टाकण्याची मोहीम काढली, मोरचुदाची नाही.

दुसरी गोष्ट आपल्या पाण्याची. खारपाणपट्ट्यातल्या बायकांना विचारा, विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. पट्ट्याबाहेरही आपलं काळ्या दगडातलं भूजल बहुधा जडच. अशा पाण्यात तांबं टिकत नाही. क्षारांशी जुळून हिरवट गाळ होऊन तळाशी बसतं. बोर्डोत आपण चुना मुद्दाम घालतो, तांब्याची धग कमी व्हावी म्हणून. आपल्या विहिरीने ते काम आधीच करून ठेवलेलं असतं. मग माणूस आणखी मोरचूद टाकतो, आणखी गाळ होतो. पंपाच्या लोखंडावर तांबूस थर चढतो (बोर्डोत विळा बुडवून पाहतात ना, तसाच), आणि हौद बागेत सोडला की तांबं मातीत साचत राहतं.

क्लोरीनही काही देव नाही. पाण्याचा सामू 8 च्या वर गेला की ते मंदावतं. आणि आपलं ऊन! अकोल्यात पारा 45 च्या पुढे गेल्यावर उघड्या हौदातलं क्लोरीन दुपारपर्यंत उडून जातं आणि शेवाळाला रान मोकळं. म्हणून पावडर संध्याकाळी टाकायची. 10 हजार लिटरला 60 ग्रॅम ताजी पावडर बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी हौदात ओतायची. सकाळी पोरं उतरण्याआधी आरोग्यसेवक विहिरीवर करतात ती ओटी चाचणी करायची. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे. झालं नाही तर पोरांना काठावर बसवायचं आणि पुन्हा पावडर टाकायची. भिंती आठवड्यातून दोनदा खराट्याने घासायच्या. उघडं पोतं महिनाभर पडून राहिलं असेल तर त्यात चुनाच उरलेला असतो, ते आणूच नये.

यंत्र भाच्याने अजून घेतलेलं नाही. खराटा मात्र आणला आहे.