सन खमस खमसैन अलफ

इंग्रजी वृत्तपत्रांतले गूढ शब्दकोडे सोडवू पाहणाऱ्याला पहिला धडा मिळतो तो असा : सूत्र वरवर जे सांगते, तो त्याचा अर्थ नसतो. ओळखीचा शब्दही निराळ्या अर्थाने, कधी निराळ्या भाषेतून आलेला असतो. १९१३ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या शब्दकोड्याला हे वळण पुढच्या दशकात लंडनच्या 'ऑब्झर्व्हर'मध्ये 'टॉर्केमाडा' या टोपणनावाने पॉविस मॅथर्स यांनी दिले. हेच मॅथर्स 'अल्फ लैला'चे फ्रेंचवरून इंग्रजी भाषांतर करणारे. 'अल्फ' म्हणजे हजार. हाच आकडा आपल्या भोर-वेल्ह्याच्या डोंगरांतही शतकानुशतके लिहिला गेला.

रोहिड खोरे, हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरे इथल्या देशमुख-कुलकर्ण्यांचे जुने कागद मोडीत आहेत, भाषा मराठी आहे. पण तारखेपाशी वाचणारा अडखळतो. 'सुहूर सन खमस खमसैन अलफ.' एकक आधी, मग दशक, शेवटी हजार : पाच, पन्नास, हजार. म्हणजे १०५५.

फसवे शब्द तर पावलोपावली. 'समान' म्हणजे सारखे नव्हे, आठ. 'तिसा' म्हणजे तीस नव्हे, नऊ. 'मया' म्हणजे माया नव्हे, शंभर. आणि 'सवाल' म्हणजे प्रश्न नव्हे, ईदचा महिना शव्वाल.

मकतबात गेलेल्या पोराला यातले निम्मे कोडे आधीच सुटलेले असते. 'अशर' म्हणजे दहा, हे त्याला आशुऱ्यावरून कळेल. 'अर्बैन' म्हणजे चाळीस, हे चेहलुमवरून.

तरी कोडे संपत नाही. हे १०५५ हिजरी समजले तर इसवी १६४५ येते. पण सुहूर सन सौर आहे. तो मृग नक्षत्रावर सुरू होतो. हिजरी वर्ष दरसाल सुमारे अकरा दिवस मागे सरकते, त्यावर पीकपाण्याचा हिशेब बसत नाही. सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवायचे. म्हणजे कागद १६५४-५५ चा. नऊ वर्षांचा फरक! १६४५ साली शिवाजी महाराज पंधरा वर्षांचे होते. १६५४ साली चोवीस वर्षांचे, आणि जावळीची मोहीम तोंडावर आलेली. एक शब्द चुकला की इतिहास हलतो. गंमत अशी, की साल शेतकऱ्याचे सौर, पण त्याच ओळीत तारीख आणि महिना चांद्र : मोहरम, सफर, रबिलावल.

राज्याभिषेकानंतर राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. 'सुरनीस' सचिव झाला. पुढे याच सचिवांचे घराणे १९४८ पर्यंत भोर संस्थानावर नांदले. पदाचे नाव बदलले, पण सुहूर सन पेशवाईच्या कागदांतही चालूच राहिला. लिहिणारे बहुतेक ब्राह्मण आणि प्रभू कारकून. त्यांना हे आकडे परके वाटत नव्हते.

हे कोडे उलगडले कोणी? राजवाड्यांनी दप्तरे धुंडाळली. माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे माधव जूलियनांनी, १९२५ साली फारसी-मराठी कोश दिला. ग. ह. खरे फारसी शिकले आणि त्यांनी फारसी साधने छापली. या नावांपुढे आपण कृतज्ञ असावे. आणि स्वतःला विचारावे : ज्यांच्या घरी हे आकडे रोज उच्चारले जात होते, त्या आपल्यातले किती जण मोडी शिकले?

आपल्याला इथले की बाहेरचे, असे विचारले जाते तेव्हा आपण भाषणे करतो. राजगड-तोरण्याच्या पायथ्याचा एक कागद हाती घेऊन त्याची तारीख वाचून दाखवणे अधिक सोपे आहे आणि अधिक खरे. पण त्यासाठी मोडीची बाराखडी गिरवायला हवी. आकडे तर आपल्याला पाठच आहेत.