उपनेता, विधिमंडळ पक्षाचा (कर्नाटक)

विधिमंडळात पक्षाच्या आमदारांचा जो गट असतो, त्याच्या नेत्याखालोखालचे पद. पक्ष सत्तेत असला की हा दुसरा माणूस बहुधा उपमुख्यमंत्री म्हणून पुढे येतो, विरोधात असला की विरोधी पक्षाचा उपनेता म्हणून. राज्यघटनेत उपमुख्यमंत्रिपदाचा उल्लेखच नाही. अनुच्छेद 164 मुख्यमंत्री आणि इतर मंत्री एवढेच ओळखतो, आणि देवीलाल यांच्या उपपंतप्रधान म्हणून घेतलेल्या शपथेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही ती व्यक्ती कायद्याने मंत्रीच ठरते असे म्हटले. ब्रिटनच्या मजूर पक्षात उपनेत्यासाठी सभासदांचे मतदान होते. 2025 मध्ये लूसी पॉवेल तशाच निवडून आल्या. आपल्याकडे उपनेता ‘निवडला’ म्हणतात तेव्हा प्रत्यक्षात नेतेपदाचा तंटा मिटवलेला असतो, आणि ज्याचे नेतेपद हुकले त्याच्या पदरात काय पडले ते या पदावरून कळते.

बेंगळुरूत मे 2023 मध्ये हे उघडपणे पाहायला मिळाले. 13 मे रोजी निकाल लागले आणि काँग्रेसला 224 पैकी 135 जागा मिळाल्या. माजी मुख्यमंत्री सिद्धरामय्या आणि प्रदेशाध्यक्ष डी. के. शिवकुमार, दोघेही मुख्यमंत्रिपदाचे दावेदार. 14 तारखेला संध्याकाळी शांग्री-ला हॉटेलात विधिमंडळ पक्षाची बैठक बसली. पक्षनिरीक्षक म्हणून सुशीलकुमार शिंदे, जितेंद्रसिंह आणि दीपक बाबरिया आले होते. बैठकीने एका ओळीचा ठराव केला : नेता ठरवण्याचा अधिकार काँग्रेस अध्यक्ष मल्लिकार्जुन खर्गे यांना. त्यानंतर निरीक्षकांनी आमदारांची मते स्वतंत्रपणे जाणून घेतली आणि तो अहवाल दिल्लीला गेला. कुणाच्या बाजूने किती आमदार, हा आकडा पक्षाने अधिकृतपणे जाहीर केला नाही. दोन्ही गोट आपापला आकडा सांगत राहिले. नेता असा वरून ठरणे शिंदे यांना नवे नव्हते. 2003 मध्ये ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले आणि 2004 ची निवडणूक त्यांच्या कारकिर्दीतच आघाडीने जिंकली, तरी त्यानंतर मुख्यमंत्रिपद विलासराव देशमुखांकडे गेले आणि शिंदे आंध्र प्रदेशाचे राज्यपाल झाले.

पुढचे चार दिवस खल दिल्लीत चालला. 18 मे रोजी काँग्रेसचे सरचिटणीस के. सी. वेणुगोपाल यांनी तिथेच जाहीर केले : सिद्धरामय्या मुख्यमंत्री, शिवकुमार एकमेव उपमुख्यमंत्री, आणि लोकसभा निवडणूक होईपर्यंत प्रदेशाध्यक्षपदही त्यांच्याकडेच. यातला ‘एकमेव’ हा शब्द वजनदार. लिंगायत, दलित, अल्पसंख्याक अशा प्रत्येक समाजाला एकेक उपमुख्यमंत्री द्यावा, ही मागणी पक्षात होतीच. तिला त्या शब्दाने दार लावले. बेंगळुरूत विधिमंडळ पक्षाची पुन्हा बैठक झाली आणि सिद्धरामय्यांची नेतेपदी रीतसर निवड झाली ती त्याच संध्याकाळी, म्हणजे घोषणा झाल्यावर. शपथविधी 20 मे रोजी कंठीरवा स्टेडियमवर पार पडला.

भारतीय जनता पक्षाचा हिशेब वेगळा. तिथे उपमुख्यमंत्री प्रतिस्पर्ध्यापेक्षा समाजांच्या समतोलासाठी लागतो. जुलै 2012 मध्ये लिंगायत जगदीश शेट्टर मुख्यमंत्री झाले, तेव्हा वक्कलिग आर. अशोक आणि कुरुब के. एस. ईश्वरप्पा असे दोघे उपमुख्यमंत्री आले. ऑगस्ट 2019 मध्ये मुख्यमंत्री येडियुरप्पांच्या हाताखाली ही संख्या तीनवर गेली : गोविंद कारजोळ, सी. एन. अश्वत्थनारायण आणि अथणीचे लक्ष्मण सवदी. बेळगाव जिल्ह्यातले सवदी 2018 ची निवडणूक हरलेले होते आणि नेमणुकीच्या वेळी कोणत्याच सभागृहाचे सदस्य नव्हते. ज्या आमदारांचा उपनेता व्हायचे, त्यांच्यातलाच तो माणूस नव्हता. एवढ्या एका गोष्टीवरून आमदारांच्या पसंतीला किती किंमत होती ते दिसते.

विरोधी बाकांवरही फारसे वेगळे चित्र नाही. 2023 च्या पराभवानंतर विरोधी पक्षनेता ठरवायला भाजपला नोव्हेंबर उजाडला. निर्मला सीतारामन आणि दुष्यंतकुमार गौतम या निरीक्षकांसमोर आर. अशोक यांची निवड झाली. उपनेता म्हणून हुबळी-धारवाड पश्चिमचे अरविंद बेल्लद डिसेंबरात आले, ते नेमणुकीने.

शेजारच्या महाराष्ट्रात मात्र उपमुख्यमंत्रिपद बहुधा आघाडीतल्या दुसऱ्या पक्षाचे. 1978 मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारात नासिकराव तिरपुडे पहिले उपमुख्यमंत्री झाले ते इंदिरा काँग्रेसचे म्हणून.

उपनेत्यासाठी खरोखर मतदान होण्याची वेळ आली होती ती 1961 मध्ये, संसदेत. गोविंदवल्लभ पंत मार्चमध्ये वारले आणि काँग्रेस संसदीय पक्षाचे उपनेतेपद रिकामे झाले. मोरारजी देसाई आणि जगजीवनराम दोघेही उभे राहण्याच्या तयारीत. जो जिंकेल तो नेहरूंचा वारस समजला जाणार, हे उघड होते. नेहरूंनी लढत होऊ दिली नाही. पक्षाची घटना बदलून दोन उपनेते करण्यात आले, एकेका सभागृहातून एकेक, आणि मंत्री नसलेले. दोन्ही उमेदवार मंत्री असल्यामुळे आपोआप बाद. उपनेता निवडण्यापेक्षा पदच बदलणे सोपे, हा धडा पुढच्यांनीही गिरवला.

मोरारजी 1967 मध्ये उपपंतप्रधान झाले तेही तडजोडीतून : इंदिरा गांधींची नेतेपदी बिनविरोध निवड, आणि मोरारजींना अर्थखात्यासह दुसरे स्थान. ती तडजोड मोडली बेंगळुरूच्या अधिवेशनानंतर. जुलै 1969 मध्ये लालबागेतल्या काचघरात अखिल भारतीय काँग्रेस समिती भरली होती. त्याच मुक्कामात पक्षाच्या संसदीय मंडळाने इंदिराजींच्या मनाविरुद्ध राष्ट्रपतिपदासाठी नीलम संजीव रेड्डी यांचे नाव ठरवले. 16 जुलैला इंदिराजींनी मोरारजींकडून अर्थखाते काढून घेतले, मोरारजींनी सरकार सोडले आणि तीन दिवसांत 14 बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. उपपंतप्रधानपद त्यानंतर जवळजवळ दहा वर्षे रिकामे राहिले. जानेवारी 1979 मध्ये ते भरले तेव्हा पंतप्रधान खुद्द मोरारजी होते, आणि त्यांनी एकाऐवजी दोघांना नेमले : चरणसिंह आणि जगजीवनराम.