शिशाचे शिलेदार, प्लॅस्टिकची पलटण

दिवाळीत मातीचा किल्ला रचून त्यावर मावळे उभे करण्याचा आनंद ज्याने बालपणी अनुभवला आहे, त्याला खेळण्यातल्या सैनिकाचे आकर्षण समजावून सांगावयास नको. पण आपले मातीचे मावळे पुढच्या पावसाळ्यापर्यंत क्वचितच टिकत. युरोपातील मुलांचे सैनिक धातूचे असत. ते टिकले, आणि टिकले म्हणूनच आज ते इतिहासाची साधने झाले आहेत. ही साधने कशी वाचावयाची, हाच आजचा विषय.

अठराव्या शतकात जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे हिल्पर्ट नावाचा कारागीर कथलाचे चपटे सैनिक ओतीत असे. त्याने घडविलेल्या फ्रेडरिक द ग्रेटच्या आकृतीवर १७७७ हे साल आहे. पुढे पॅरिसमध्ये भरीव सैनिक होऊ लागले. ते देखणे होते, पण जड आणि महाग. १८९३ साली लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने एक सोपी युक्ती काढली. शिशाच्या मिश्रधातूचा रस साच्यात ओतावयाचा आणि कडेचा थर थिजताच उरलेला रस बाहेर काढून घ्यावयाचा. आत पोकळ, हलका आणि स्वस्त असा हा सैनिक सामान्य घरांतही पोहोचला. त्याची ५४ मिलिमीटरची उंची पुढे जवळजवळ प्रमाण ठरली. एच. जी. वेल्सने १९१३ साली अशा सैनिकांनी खेळावयाच्या लढाईचे नियम ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात मांडले आणि खऱ्या युद्धाविषयीचा तिटकाराही त्यात नोंदविला. पुढल्याच वर्षी खरे महायुद्ध पेटले.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्लॅस्टिक आले. १९३३ साली इंग्लंडमध्ये प्रयोगशाळेत अकस्मात हाती लागलेले पॉलिथीन आता खेळण्यांसाठी मुबलक मिळू लागले. पोलादी साचा महाग पडे. पण एकदा तो तयार झाला की प्रत्येक सैनिकाची किंमत नगण्य. एअरफिक्सने १९५९ पासून बोटाच्या दोन पेरांपेक्षाही लहान सैनिक डब्या भरून विकावयास आरंभ केला. शिसे मुलांच्या पोटात जाऊन अपाय करते ही जाणीवही वाढत होती. १९६६ साली ब्रिटन कारखान्याने पोकळ शिशाचे सैनिक ओतणे थांबविले, आणि एका युगाची अखेर झाली.

आता ओळख पटविण्याचा प्रश्न. प्रथम सैनिक उलटा करावा, कारण कर्त्याचे नाव व देश बहुधा बैठकीखाली असतात. ‘हेराल्ड’ मालिकेच्या सैनिकावर हाँगकाँगचा शिक्का असेल, तर तो प्रारंभीच्या इंग्लंडातील उत्पादनापैकी नव्हे. मग उंची मोजावी. मूळ आकृतीवरूनच साचा घेऊन नक्कल केली, तर निवताना द्रव्य आकसते आणि नक्कल मुळाहून किंचित बुटकी भरते. तिसरी गोष्ट स्पर्शाची. पॉलिथीन मेणचट लागते. त्यावर रंग नीट धरत नाही, खपल्या निघतात. वयपरत्वे ते ठिसूळ होते आणि सैनिक नेमका घोट्यापाशी मोडतो. शिशाचा शत्रू वेगळा आहे. ओकच्या लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफांनी त्यावर पांढरी भुकटी चढते. म्हणजे हौसेने करविलेले ओकचे कपाटच सैन्याचा घात करते.

परंतु सर्वांत मोठा चकवा तारखेचा. माझ्या संग्रही ब्रिटनचा एक घोडेस्वार आहे. घोड्याच्या पोटाखाली उमटलेले साल वाचून मी तो त्याच वर्षीचा आहे असे कितीतरी दिवस अभिमानाने सांगत होतो. पुढे कळले की ते साल आकृतीचा स्वामित्वहक्क नोंदविल्याचे आहे. त्याच साच्यातून पुढे अनेक वर्षे घोडे निघत राहिले. ज्याची हयात सरकारी कागदांत गेली, त्याला तरी हे आधीच उमगावयास हवे होते. ठरावाची तारीख आणि अंमलबजावणीची तारीख यांत किती अंतर पडू शकते, हे आमच्याइतके कोणास ठाऊक?

अशा वेळी डब्यावरचे नाव साहाय्यास येते. ब्रिटनच्या सूचीत ‘फर्स्ट बॉम्बे लान्सर्स’ हा संच होता. खऱ्या रिसाल्याचे ते नाव १९०३ मध्ये बदलून ‘एकतिसावे लान्सर्स’ झाले, आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या पुनर्रचनेत तो रिसाला दुसऱ्याशी जोडला जाऊन ‘तेरावे लान्सर्स’ बनला. १९४७ च्या वाटणीत हे तेरावे लान्सर्स पाकिस्तानच्या वाट्यास आले. मुंबईचे नाव मिरविणारा, लंडनमध्ये ओतलेला, इंग्रज मुलाने खेळविलेला हा स्वार. त्याचे वारस आज सीमेपलीकडे आहेत. चार बोटे उंचीही नसलेल्या या खेळण्यावरून एका साम्राज्याचा उदयास्त मोजता येतो.

बाजारात मोल असते ते दोरीही न सुटलेल्या, कोऱ्या डब्यातील संचाला. मला मात्र मान निखळल्यावर आत काडेपेटीची काडी खोचून पुन्हा उभा केलेला सैनिक अधिक बोलका वाटतो. कोऱ्या डब्याने कारखान्याचा इतिहास जपला आहे. त्या काडीने एका मुलाचा. ती काडी कोणत्या मुलाने, कोणत्या साली खोचली, हे मात्र कोणत्याही बैठकीखाली कोरलेले नसते.