पंक्चरवाल्याची परात

पुण्याला सायकलींचे शहर म्हणत. त्या कौतुकात पंक्चर काढणाऱ्याचे नाव मात्र कुणी घेत नाही.

बेलफास्टच्या डनलॉप या पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचे टायर केले आणि १८८८ साली पेटंट घेतले. सुरुवातीचे हे टायर चाकाला चिकटवलेले असत. पंक्चर झाले की काही तासांची खोटी, वर चिकटवलेले वाळेपर्यंत थांबा! १८९१ मध्ये फ्रान्सच्या मिशलँ बंधूंनी सुटे होणारे टायर आणले आणि काम मिनिटांवर आले. आमच्या पेठांतली कोपऱ्यावरची दुकाने चालली ती या सोयीवर. पाण्याची परात, कानस, सोल्यूशन, रबराचा तुकडा, एवढेच भांडवल.

बुडबुडा शोधून ठिगळ कुणीही लावेल. जाणता कारागीर आधी टायरच्या आतून बोटे फिरवी. काटा आतच राहिला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात! ट्यूबला शेजारीशेजारी दोन भोके दिसली की म्हणे, "मास्तर, हवा कमी होती. डबलसीट नेलंत ना?"

स्कूटरी वाढल्या, दुकानेही त्यांच्याकडे वळली. २०१७ साली कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांचे सायकल संग्रहालय झाले, फार बरे वाटले. माझी सायकल मात्र पंक्चर झाली की दोन पेठा ढकलत न्यावी लागते.